बहुमताने वर आलेलं पाणी

विहिरीत टेप सोडण्यापूर्वी आबा चपला काढून ठेवत. मग पोलादी टेपाच्या टोकाला खडू फासत, टेप खाली सोडत, वर ओढत आणि खडू कुठवर भिजला ते पाहून आकडा मोठ्यांदा वाचत. कोणी कुरकुर केली की म्हणत, "चिठ्ठी इहीरनी शे, भाऊ. मी नुस्ता पोस्टमन."

आम्ही दोघे जळगावला, भूजल मोजणाऱ्या कचेरीत होतो. ते मोजत, मी वहीत लिहून घेई. आबा मूळचे धुळ्याकडचे, राहायला पिंप्राळ्यात. साहेबांसमोर शुद्ध बोलायला जात आणि दुसऱ्याच वाक्याला अहिराणीवर येत. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याच्या कामात चूक सापडत नाही म्हणून सगळे त्याच्या स्वभावात शोधतात.

रावेरकडच्या एका गावात, केळीच्या बागांमध्ये, आमच्या मोजणीची एक विहीर होती. गावाचं पिण्याचं पाणीही तिचंच. पाणी इतकं खोल गेलेलं की तिथे नव्या बोअरला बंदी होती. ती उठवतो, असं भागातल्या पुढाऱ्याने निवडणुकीत सांगून टाकलं होतं. आता पाणी वर यायला हवं होतं.

आणि ते आलं. उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही गेलो, तर गेल्या खेपेपेक्षा पाणी चांगलं पुरुषभर वर. सरपंच हसतमुख. आबांनी आकडा वाचला, मला लिहायला लावला, विहिरीपर्यंत आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाहिल्या आणि लिंबाखाली बैठक मारली.

"आबा, मोजलं ना, मंग कशाले बसून राहिले?" सरपंच म्हणाले.

"सावली बरी शे," आबा म्हणाले.

तासाभराने पुन्हा मोजलं. पाणी उतरलं होतं. सरपंचांनी चहा मागवला. पुन्हा मोजलं, आणखी उतरलं. मग घरी भरीत-भाकरीचा आग्रह झाला. आबांनी ताट लिंबाखालीच मागवलं आणि जेवता जेवता उठून एकदा टेप सोडून आले. दिवस कलेपर्यंत पाणी आपल्या जुन्या जागी जाऊन बसलं. सकाळी टँकरने ओतलेलं सगळं जमिनीने पिऊन टाकलं होतं. गंमत म्हणजे ते पाणी सरपंचांच्याच शेतातलं. त्यापायी त्यांच्या केळीची पाण्याची पाळी चुकली होती. निघताना आबा सरपंचांना हळूच म्हणाले, "नाना, आते केळीले पाणी द्या."

पंधरा दिवसांनी तेच सरपंच कचेरीत हजर. आता टंचाईच्या टँकरसाठी विहीर खोल गेल्याचा दाखला हवा होता. आबांनी संध्याकाळचा आकडा काढून दिला. त्या दिवशी सरपंचांना त्यात काही खोट दिसली नाही.

मग तालुक्याला बैठक लागली. पुढारी म्हणाले, "सकाळचा आकडा आहे, संध्याकाळचा आहे. सरासरी काढा. विज्ञानाचंही राहील, जनतेचंही राहील." आमच्या मोठ्या साहेबांना हे फारच शास्त्रशुद्ध वाटलं. आबांनी सांगून पाहिलं की सरासरीने घागर भरत नाही, आणि बोअर झाले तर गावाची विहीर दोन उन्हाळे काढणार नाही. शेवटी हात वर करून निकाल लावायचं ठरलं. हात वर झाले.

आबांनी त्या सगळ्या हातांवरून नजर फिरवली. "बठ्ठासना हात वर गयात, साहेब. पाणी पण जठे व्हतं तठेच शे."

त्यांनी सरासरीच्या कागदावर सही केली नाही. महिन्याभरात धुळ्याला बदली झाली. "चला, घर जवळ उनं," म्हणत त्यांनी सामान बांधलं.

बंदी उठली, बोअर झाले. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली. परवा मी मोजायला गेलो, तेव्हा टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागली होती. सरपंच म्हणाले, "आबांना आणा ना एकदा." ते गेल्या वर्षी वारल्याचं मी सांगितलं. सरपंचांनी वाकून विहिरीत पाहिलं. मग म्हणाले, "हात तर आम्हीच वर केले, भाऊ."

त्या हातांत एक माझाही होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. आबांनी तो पाहिला होता. धुळ्याची बस सुटताना खिडकीतून एवढंच म्हणाले होते, "तुनी नोकरी नवी शे, पोरं लहान शेतस. मनले लाई लेऊ नको."

मी मनाला लावून घेतलं आहे.