केळीचा डाग आणि मतदानाची शाई

बाळांनो, आज केळफूल सोलताना बोटं काळी पडली आणि मला रावेरकडच्या खेड्यातलं एक मतदान आठवलं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत असे. त्या दिवशी मतदान केंद्रावर बोटं तपासायचं काम माझ्याकडे होतं.

सुमनअक्का केळीच्या बागेतून थेट रांगेत आल्या होत्या. त्यांचं बोट पाहून सरपंचांचा माणूस ओरडला, "ही शाई आहे! दुसऱ्याच्या नावावर मत देऊन आली. परत पाठवा हिला."

"शाई कशाची, केयीचा चीक हाये!" अक्का कडाडल्या. "तुह्या सरपंचाले मत देत नही, म्हनून माहं बोट खुपते का रे?"

रांग खो खो हसली. मी माझ्या जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड काढली. मतदानाची शाई लिंबाने हलत नाही. चिकाचा ताजा डाग फिका पडतो. अक्कांनी बोट घासलं, खोलीभर आंबट वास दरवळला आणि डाग उतरू लागला.

मत देऊन येताच अक्कांनी शाईचं बोट त्या माणसाच्या नाकासमोर नाचवलं.

मला माझ्या विज्ञानाचा केवढा अभिमान वाटला! आता वाटतं, पुरावा मी अक्कांकडेच मागितला. ओरडणाऱ्याला एक प्रश्नही विचारला नाही.