राखीच्या लेन्सले झूम नाही

माह्या दिराचा, यादोरावचा, काल फोन आला अन् तवापासून माहं डोस्कं ठिकाणावर नाही. फोन कायले आला ते मागून सांगते. आधी माही सून राखी कोण आहे ते ऐका, म्हणजे मले राग काहून आला ते समजन.

राखी माह्या पोराची, चंद्रकुमारची बायको. चंद्रकुमार वरठीले कामाले जाये, मोटरसायकलनं. एका सकाळी गेला तो आलाच नाही, रस्त्यातच ट्रकनं उडवला. मागे राहिलो आम्ही तिघं, राखी, मी अन् आमचे बुढे, म्हणजे माहे मालक, मारोतराव. अन् राहिला त्याचा कॅमेरा. शिकणाऱ्या माणसाचा साधा कॅमेरा, तोही जुनाच घेतलेला. सुट्टी असली का तो बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या पाळीवर जाऊन पाखराइचे फोटो काढे. पवनीत फोटोचं दुकान टाकतो म्हणे.

राखीनं तो कॅमेरा कपाटातून काढला तवा लेन्सले आतून बुरशी धरली होती. भंडाऱ्याच्या दुकानदारानं सांगतलं, हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा पन्नास एमएमची लेन्स घ्या, सगळ्यात स्वस्त तीच, अन् कमी उजेडातही फोटो चांगला येते. ती लेन्स घेऊन राखी एसटीनं घरी आली. मुठीत मावन एवढी. मी म्हटलं, एवढ्याशा डबीसाठी तू भंडाऱ्याले गेली होती काय वं?

मंग सुरू झालं तिचं शिकणं अन् आमचे हाल. या लेन्सले झूम नाही. दूरचं जवळ आणत नाही अन् जवळचं दूर नेत नाही. माणूस मोठा पाहिजे तं आपण पुढे जा, अख्खा पाहिजे तं आपण मागे सरका. आमच्या घरात मागे सरकाले जागा आहे कोठी? मी चुलीपाशी बसली का ती सरकत सरकत गोठ्यात जाये अन् गाय तिचा पदर चाटे. एक दिवस शेणाच्या टोपल्यातच बसली. मी हासली, तं तीही हासली. चंद्रकुमार गेल्यावर त्या घरात कोणी हासलं ते तवाच.

पहिला फोटो दाखवला तं माहं नाक साफ अन् कान धुरकट. मी म्हटलं, माहे कान कोठी गेले? ती म्हणे, "आई, लेन्सचं भोक पुरं उघडं ठेवलं का असंच होते. आकडा लहान तं भोक मोठं, अन् भोक मोठं तं एकच जागा साफ येते." मंग माहा अन् बुढ्याचा जोडीनं काढला. बुढे साफ, मी मागे धुक्यात. तो फोटो घेऊन बुढे गावभर हिंडले, पाहा म्हणे, आमच्या घरात कोण दिसते. राखीनं त्याच्यावर उपाय शोधला. दोघं असले तं एका रेषेत बसवाचे, नाही तं आकडा वाढवाचा.

हळूहळू तिचा हात बसला. चुलीच्या उजेडात तिनं माहा एक फोटो काढला, लाइट न लावता. तोंडावरची एकेक सुरकुती दिसते, तरी मले तो आवडते. त्यात मी रागात नाही.

यादोरावच्या पोरीचं, रुचिकाचं लग्न निघालं तं ती पोरगी अडून बसली, माह्या हळदीचे फोटो राखी वहिनीच काढन. यादोरावचं पवनीत दुकान आहे, सगळा बाजार ओळखीचा. हे फोटो चांगले आले तं राखीले पुढची कामं भेटणार होती. बिघडले तं तिच्या कॅमेऱ्याले कोणी विचारणार नव्हतं. हे तिलेही माहीत होतं अन् मलेही.

दिराच्या आंगणात जांभळीच्या डहाळ्याइचा मांडव पडला होता. राखी कॅमेरा गळ्यात घालून खांबापाशी आली, तं यादोराव आडवे आले. तोंडानं नेहमीच गोड. "राखी बेटा, तू अठीच उभी राह्य. हळदीच्या मांडवात सवासनीच जातेत, तुले तं माहीत आहे. बाहेरून काढ."

राखी म्हणे, "काकाजी, बाहेरून येणार नाही. या लेन्सले झूम नाही. मले जवळच यावं लागते."

"एवढ्याशा मोबाइलात झूम होते अन् एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात होत नाही?" असं म्हणून ते हासले. त्याइच्या संगं मांडवातल्या बायाही हासल्या.

राखी खांबाच्या बाहेर उन्हात उभी राहून फोटो काढाले लागली. मी जाऊन कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाह्यलं. बायाइच्या पाठी, त्याइचे अंबाडे, अन् मधात कोठी तरी रुचिका, तांदळाच्या दाण्याएवढी. राखी लेन्सचं झाकण हातात घेऊन उभी होती, लावून टाकावं का, असा विचार करत.

ते झाकण पाहून माहं डोस्कं फिरलं. मेला तो माहा पोरगा. पोटात मी वागवला त्याले. माहा पोरगा गेला तरी मी मांडवात चालते, काहून तं माहा बुढा तठी खुर्चीवर बसून सुपारी कातरून राहिला. अन् तिचा नवरा गेला म्हणून ती चालत नाही. हा कोणता न्याय आहे? याच बाया चंद्रकुमारच्या तेरवीले तिच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आग लागो असल्या रीतीले.

आमच्या घराण्यात पहिली हळद मोठ्या सुनेच्या हातची, म्हणजे माह्या हातची. ती लागल्याबिगर बाकीच्या बाया हात लावत नाहीत. मी हळदीची वाटी उचलली अन् सरळ मांडवाच्या बाहेर येऊन राखीच्या बाजूले उभी राहिली.

"वहिनी, काय करून राहिल्या तुम्ही?" यादोरावनं विचारलं.

मी म्हटलं, "लेन्स हालत नाही. राखीले तुम्ही हालू देत नाही. मंग कोणाले तरी हालावं लागन नं, भाऊजी. पाट अठी आणा."

"पाट मांडवाच्या बाहेर नेत नाही, वहिनी. लोक काय म्हणतीन?"

"मंग लावा तुमच्या हातानं. मी चालली घरी."

कोणी जागचं हाललं नाही. मंग रुचिका उठली. नवरी असून स्वतःचा पाट स्वतः उचलला अन् बाहेर आली. "मोठी आई, कोठी ठेवू?" म्हणे.

मी जागा दाखवाले हात केला, तं राखीच बोलली. "अठी नको. ऊन डोक्यावर आहे, डोळ्याखाली काळं येईन. त्या भिंतीच्या सावलीत ठेव." एवढा वेळ रडवेलं झालेलं तिचं तोंड कॅमेऱ्यामागे गेलं अन् आवाज एकदम कामाचा झाला.

पहिली हळद मी लावली. मंग एकेक बाई मांडव सोडून बाहेर आली, कारण फोटो तं सगळ्याइलेच पाहिजे होते. राखी पुढे गेली, मागे आली, वाकली, मातीत बसली, रुचिकाच्या गालापाशी गेली. "तुम्ही दोघी एका रेषेत या, नाही तं एकीचं तोंड धुरकट येईन," असं तिनं म्हटलं का त्याच हासणाऱ्या बाया चुपचाप सरकून राहिल्या होत्या. बुढेही आपली खुर्ची उचलून बाहेर सावलीत येऊन बसले. यादोराव एकटे मांडवात राहिले. रिकाम्या मांडवाचाही एक फोटो राखीनं काढला, मी पाह्यला तो.

फोटो असे आले का रुचिकाच्या सासरचे विचाराले लागले, कोणी काढले म्हणून. एका फोटोत रुचिकाचे डोळे मिटले आहेत, पापणीवर हळदीचा थेंब आहे अन् मागचं सगळं धुरकट. तो मोठा करून यादोरावनं दुकानात टांगला. गिऱ्हाइकाइले सांगतेत, आमच्या सुनेनं काढला. पवनीतून राखीले कामाचे फोन याले लागले.

अन् आता कालचा फोन. यादोरावच्या पोराचं, भूपेंद्रचं लग्न ठरलं. म्हणाले, "वहिनी, फोटो राखीच काढन, दुसऱ्या कोणाले बोलावत नाही. फक्त या वेळी तिले मोठी झूमवाली लेन्स घे म्हणा. पाहिजे तं मी घेऊन देतो. म्हणजे मांडवाच्या बाहेरूनच निवांत काढता येईन. मागच्यासारखा तमाशा नको."

पाहा आता. तिचे फोटो पाहिजेत, ती नको. इतकं होऊन, ते फोटो दुकानात टांगून, या माणसाले एवढंच समजलं का लेन्स बारीक होती. राखी माह्या बाजूलेच बसून तीच लेन्स फडक्यानं पुसून राहिली होती. फोन स्पीकरवर होता. तिचा हात थांबला.

मी म्हटलं, "भाऊजी, मोठी लेन्स ती घेईन. स्वतःच्या कमाईची घेईन, बोडीवरच्या पाखराइसाठी. पाखरं माणसाले भेतेत, जवळ गेलं का उडून जातेत, म्हणून त्याइले दुरून काढा लागते. तुम्ही तिले काहून भेता?"

मले अजून लय बोलाचं होतं, पण राखीनं फोन माह्या हातातून घेतला.

"काकाजी," ती म्हणाली, "मांडवाचं तोंड कोणीकडे करता ते आधी सांगा. आतमध्ये उजेड कोठून येते ते मले पाहा लागन."