ओट्यावरची रेंज

विमलबाईंच्या वाडीत मोबाईल घरोघरी आहेत, पण घरात बसून कुणालाच बोलता येत नसे. वाडी डोंगराच्या खोबणीत बसलेली. युसूफ वडगाव या गावी बाजाराला जायचं तर आधी चढ चढावा लागतो. त्या चढाच्या माथ्यावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे, देवळापुढं दगडी ओटा आहे, आणि रेंज यायची ती फक्त त्या ओट्यावर. पलीकडच्या गावाचा टॉवर तिथून उघड्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून येते, असं लोक म्हणत. ओटा उतरून थोडं खाली बाभळीपाशी आलं की आवाज तुटायला लागायचा, आणि वाडीत पोचलं की मोबाईल नुसता वेळ बघायच्या कामाचा.

दिवाळी झाली की अर्धी वाडी ऊस तोडायला निघून जाते. कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. मागं राहतात ती म्हातारी माणसं. त्यांची संध्याकाळ ठरलेली होती. ऊन कलायला लागलं की एकेक जण काठी टेकत ओट्यावर यायचा आणि लेकराबाळांच्या फोनची वाट बघत बसायचा.

देवळाची झाडलोट विमलबाईंकडं. गुडघे गेल्यामुळं त्यांचं तोडीला जाणं सुटलं, तेव्हापासून त्यांनी ही सेवा धरली. सकाळी बेलाची पानं, संध्याकाळी दिवा. ओट्यावर माणसं बसायला लागली तेव्हा त्यांना सुरुवातीला ते रुचलं नाही. कुणी तंबाखू थुंकायचं, कुणी फोनवर शिव्या द्यायचं. मग त्यांनीच दंडक घातले. चपला खाली. शिवी नाही. आणि तिसरा दंडक लागला तो धुळाजीमुळं.

धुळाजीची म्हैस मेली होती. संध्याकाळी त्याच्या पोराचा फोन आला, तर धुळाजी म्हणाला, "म्हैस बरी हाय. दूध बी देती."

विमलबाई वात वळत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. "धुळाजी भाऊ, म्हैस तर मेली की तुमची."

"पोराला कावून सांगू, वैनी? तिकडं जिवाला घोर लावून घेईल."

"मग खाली जाऊन सांगा. देवाच्या दारात खोटं नगं."

धुळाजी गरीब माणूस. खरंच उठला, बाभळीखाली गेला. तिथं आवाज तुटायला लागला तसा तो "म्हैस बरी हाय" म्हणून इतक्या जोरात ओरडायला लागला, की खाली वाडीतल्या बायका बाहेर येऊन बघायला लागल्या. त्या दिवसापासून सगळ्यांना पाठच झालं. काही लपवायचं असलं की माणूस उठायचा आणि म्हणायचा, "जरा बाभळीखाली जाऊन येतो." बाकीचे हसायचे, पण ओट्यावर बसून खोटं बोलायला कुणी धजत नव्हतं.

विमलबाईंनी हा दंडक का घातला ते एकट्या छबुबाईला माहीत होतं. छबुबाई शेजारची, त्यांच्याच बरोबर या वाडीत नांदायला आलेली. लग्नानंतरच्या एका हंगामात विमलबाई आणि त्यांचे मालक सुंदरराव तोडीला गेले होते. तेव्हा मोबाईल कुठले. गावाकडची खबर यायची ती ट्रकवाल्याच्या नाहीतर मुकादमाच्या तोंडी. "सगळं खुशाल हाय," एवढा निरोप त्यांना येत राहिला. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, आणि त्या माहेरी गेल्या, तेव्हा दारात आई पांढऱ्या कपाळानं उभी. वडील जाऊन दोन महिने झाले होते. "तुझं काम मोडलं असतं, बाई, म्हणून कळवलं न्हाई," एवढंच आई म्हणाली. विमलबाई तेव्हा रडल्यासुद्धा नाहीत. रडायची वेळ होऊन गेली होती.

आता त्यांचा मुलगा भारत आणि सून वनमाला तोडीला जात. लेकरं लहान, तीही बरोबर. विमलबाईंचा मोबाईल बटणांचा. तो चालू ठेवायचा म्हणजे दर महिन्याला वडगावच्या बाजारात अंगदच्या दुकानात जाऊन रिचार्ज मारायचा. त्या साली दर पुन्हा वाढले होते.

"काकू, आता ह्याच्यात रोजचं नेट बी मिळतंय," अंगद म्हणाला.

"माझ्या मोबाईलात नेट चालतच न्हाई बाबा. मग त्येचे पैसे कावून?"

"पॅकच तसा हाय."

"अन् न्हाई मारला तर?"

"तर मग येणारा फोन बी बंद हुईल."

दुकानाच्या भिंतीवर एका कंपनीचा मोठा रंगीत फलक होता. त्यावर एक बाई मोबाईलकडं बघून हसत होती आणि वाऱ्यासारखं नेट घ्या असं लिहिलं होतं. विमलबाईंनी तो अक्षराला अक्षर लावून वाचला. "पुण्यातली माणसं बी एवढंच देतेत का रे?"

"एवढंच. दर सगळीकडं सारखाच."

"ती घरात बसून बोलतेत. आमी डोंगर चढून बोलतो. मग सारखा कसा म्हणावा?"

अंगद हसला. "दुसऱ्या कंपनीत जाता का? नंबर हाच ऱ्हाईल."

"तिची रेंज कुठं येती?"

"तुमच्या वाडीत? तिची तर ओट्यावर बी न्हाई."

विमलबाईंनी पदराच्या गाठीतले पैसे काढून दिले. ग्रामपंचायतीत म्हणे केबलनं नेट आणलेलं होतं, त्याची पेटी भिंतीवर होती आणि पेटीला कुलूप होतं. त्याची किल्ली कुणाकडं असते हे विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं.

त्या हिवाळ्यात सुंदररावांनी अंथरूण धरलं. आधी जेवण तुटलं, मग पोटात पाणी झालं. छबुबाईच्या मुलाची, तानाजीची जीप होती, तीत घालून त्यांना अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर पोक्त होते. तपासलं, कागद बघितले आणि विमलबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "घरी न्या. जे आवडेल ते खाऊ घाला." विमलबाईंना याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

परतताना जीपमध्ये सुंदरराव म्हणाले, "भारतला कळवायचं न्हाई."

विमलबाईंनी डॉक्टरचे कागद पिशवीत घातले.

"ऐकू येतंय का? तो निम्म्यातून उठून येईल. नवरा-बायकोची जोडी मोडली तर मुकादम पुढल्या साली दारात उभं करणार न्हाई. पट्टा पडायला किती दिस उरलेत? तवर मी दम धरतो."

"अन् न्हाई धरवला तर?"

"तुझ्या बापाच्या टायमाला बी आपुन न्हाई गेलतो. काय आभाळ कोसळलं?"

विमलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. तानाजीनं आरशातून एकदा मागं बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला, जसं काही रस्ताच खराब आहे.

मालकाचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, हात जोडले, ओट्यावरून उतरल्या आणि बाभळीखाली जाऊन भारतला फोन लावला. रेंज यायची-जायची. "आबा बरे हायेत," त्या म्हणाल्या. "जेवले आत्ताच." बोलून झाल्यावर ओट्यावर परत जायला त्यांचा पाय उचलेना. वरची माणसं एकमेकांकडं बघून गप्प झाली होती. धुळाजीनं तोंड फिरवून खडे उचलायला घेतले. हसलं कुणीच नाही.

मग हे रोजचं झालं. दिवा लावायचा आणि बाभळीखाली यायचं. देवाला मात्र त्या रोज म्हणत, "तुझ्या दारात बोलले न्हाई, एवढं तरी धर." पण असं म्हणताना आपण देवाला हिशेब शिकवतोय असं त्यांना वाटे, आणि मग दिव्याकडंही बघवत नसे. घरी सुंदररावांना बसवून पेज भरवताना त्यांच्या हाताला पोटाचा ताठरपणा रोज थोडा जास्त लागत होता.

छबुबाई एकदा म्हणाली, "विमल, तू तुझ्या आईचंच करायलीस."

"मला ठावं हाय."

"मग?"

"ह्यांनी सांगितलंय."

"तुझ्या आईला बी कुणी तरी सांगितलंच असंल की," छबुबाई म्हणाली आणि टोपलं डोक्यावर घेऊन निघून गेली.

एका सोमवारी भारतचा फोन दिवा लावायच्या आधीच आला. विमलबाई घाईनं बाभळीकडं उतरल्या.

"माय, आबा कसे हायेत?"

"बरे हायेत. तुमी जेवलात का? लेकरं?"

"आमचं ऱ्हाऊ दे. तू कुठं बसून बोलतीस?"

"कुठं म्हंजे? हितंच."

"ओट्यावर?"

विमलबाईंनी वर ओट्याकडं बघितलं. "रेंज लई खराब हाय रे आजकाल."

 पलीकडं उसाच्या फडावर कुणाचं तरी लेकरू रडत होतं, ते तेवढं मधूनमधून ऐकू येत होतं. मग भारत म्हणाला, "रेंज खराब न्हाई, माय. टोळीत वाडीची पाच घरं हायेत. सगळ्यांना घरचा आवाज खणखणीत येतो. धुळाजी काकाचा कसा येतो म्हणून सांगू? मोबाईल कानापासून लांब धरावा लागतो. तुझाच तेवढा तुटतो. महिना झाला." तो थांबला. "वनमाला म्हणली, आत्याबाई ओट्यावर बसत न्हाईत. मी तिच्यावर खेकसलो."

विमलबाईंनी बाभळीच्या खोडाला हात टेकला.

"माय, वर जा. ओट्यावर बस अन् तिथनं म्हण, आबा बरे हायेत. तू म्हणलीस की मी गप बसतो. पट्टा पडंपर्यंत पुन्हा इचारत न्हाई."

चढ थोडाच होता, पण त्या दिवशी त्यांना तो संपेना. मोबाईल त्यांनी तसाच मुठीत धरला होता. ओट्यावरच्या माणसांनी सरकून जागा दिली. त्या बसल्या. दिवा अजून लावायचा होता, आत पिंडीवर सकाळचा बेल सुकून पडला होता. समोर पलीकडच्या गावाचा टॉवर दिसत होता.

"भारत."

"बोल, माय." आवाज इतका स्वच्छ आला, जसा तो शेजारीच बसलाय.

"डॉक्टरनं घरी न्या म्हणलंय."

 पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला, आणि मग, "निघतो मी."

"ते चिडतील. त्यांनी नगं म्हणलतं."

"चिडू दे."

विमलबाईंनी फोन बंद केला, उठून दिवा लावला आणि खाली घरी गेल्या. सुंदरराव भिंतीला टेकून बसले होते. विमलबाईंच्या चेहऱ्याकडं बघताच त्यांना कळलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मी काय म्हणलतो तुला?"

"तुमी म्हणलात, काय आभाळ कोसळलं." विमलबाईंनी त्यांच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "कोसळलं होतं. तुमाला दिसलं न्हाई."

सुंदररावांनी भिंतीकडं तोंड केलं. विमलबाईंनी चूल पेटवली, पेज ठेवली. लाकडं ओली होती, धूर झाला. पेज शिजत आली तेव्हा भिंतीकडंच तोंड ठेवून ते म्हणाले, "कवा निघाला?"

"आत्ताच."

"थंडी हाय. कांबळं घेतलं का म्हणून इचारलंस का?"

"न्हाई."

"इचारायचं व्हतं," सुंदरराव म्हणाले.

भारत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. वनमाला आणि लेकरंही आली, भांडीकुंडी फडावरच सोडून. सुंदररावांनी पोराला नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "तुला कुणी बोलावलं?" भारत उशाशी बसला.  थोड्या वेळानं म्हाताऱ्याचा हात त्याच्या हाताकडं सरकला आणि उसाच्या पात्यानं कापलेल्या बोटांवर जाऊन थांबला.

आठवडाभर ते होते. एक दिवस तर उठून दारात बसले, नातवाला जवळ घेऊन भाकरीचा पापुद्रा भरवला. मग सकाळच्या पारी, लेकाच्या हातचं तुळशीचं पाणी घेऊन गेले. मुकादमानं पुढच्या साली भारत-वनमालाची जोडी टोळीत घेतली नाही. भारतला दुसऱ्या टोळीत जावं लागलं, लांबच्या कारखान्यावर. विमलबाईंनी हे कुणापासून लपवलं नाही, आणि त्याचं वाईट वाटत नाही असंही म्हटलं नाही.

यंदा वाडीत शाळेमागं टॉवर उभा राहिला. आता घरोघरी रेंज आहे, चुलीपाशी बसूनही बोलता येतं. अंगद म्हणतो, नेट आता शहरासारखं पळतंय. रिचार्जचे दर तेवढे आणखी वाढले. संध्याकाळी ओटा रिकामा असतो. धुळाजी कधीमधी येऊन बसतो, पण बोलायला नाही. विमलबाई झाडून घेतात, बेल वाहतात आणि खाली येतात.

परवा दिवेलागणीला भारतचा फोन आला तेव्हा त्या घरात भाकरी थापत होत्या. गेल्या काही दिवसांत चढ चढताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. छबुबाईशिवाय कुणाला बोलल्या नव्हत्या.

"माय, ऐकू येतंय का?"

"येतंय की."

"तुझी तब्येत कशी हाय?"

तव्यावरची भाकरी फुगत होती. विमलबाईंनी ती उतरवली, तवा खाली घेतला, हात पुसले.

"थांब," त्या म्हणाल्या. "वर जाते, मग सांगते."

"माय, आता घरात रेंज हाय की."

"हाय. तू थांब तरी."

बोलणं कितीही केलं तरी पैसे तेवढेच, म्हणून भारतनं फोन ठेवला नाही. विमलबाई पदर खोचून हळूहळू चढ चढायला लागल्या. मधे बाभळीपाशी त्या दम खायला थांबल्या. आता तिथंही आवाज तुटत नव्हता, आणि कानाला लावलेल्या मोबाईलमधून त्यांचा धापा टाकणारा श्वास लांबच्या फडावर त्यांच्या लेकाला ऐकू जात होता.