हळदीच्या सकाळची इंजेक्शनं

फेब्रुवारीतला शनिवार, मुलाच्या हळदीची सकाळ. मुलुंडच्या स्किन क्लिनिकमध्ये हजर मी, धाकटी नणंद आणि डॉक्टरीणबाई. ओल्या हळदीचा वास आला की ती सकाळ आठवते. सुरकुत्यांसाठी बाईंनी माझंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला पिवळसर प्लाझ्मा माझ्या चेहऱ्यात टोचला आणि बजावलं, “आज चेहऱ्याला काहीही लावायचं नाही.” संध्याकाळी वरमाईला हळद लागणार होती! “वाट लागली! वहिनी, एवढ्या याद्या केल्यास आणि हेच विसरलीस?” नणंद हसत सुटली. संध्याकाळी तिने सगळ्यांना दारातच दम भरला, “वहिनीच्या तोंडाला हात लावाल तर खबरदार! पाय घ्या तिचे!” बायकांनी मला गुडघ्यापर्यंत पिवळी केली आणि लालबुंद तोंडाने मी मनसोक्त नाचले. नात आता शाळेत जाते. महिन्याभराने घ्यायची दुसरी इंजेक्शनं अजून घ्यायची आहेत.