नाकानं दिलेला बदाम

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला आणि त्यात बायकोची लाडकी नटी. ही नटी एके काळी मालिकेत सून होती. तेव्हा नुसती शिंकली तरी तिच्या फोटोखाली लाखो लाल बदाम, म्हणजे ते लाइक, पडायचे. आता बोटांवर मोजावेत इतके, त्यातला एक आमच्या घरचा.

मी चौथी शिकलेला, पण सातपूरला कारखान्यात लेथवर जन्म काढला. कारखाना बुडताना कसा दिसतो ते मला कळतं. आधी कँटीनचा चहा पातळ होतो, मग शहाणी माणसं दुसरीकडं चिकटतात, शेवटी वॉचमन आणि कुत्रं उरतं. नटी जिथं फोटो टाकायची त्या मोबाइलमधल्या साइटचं तसंच चाललेलं. गल्लीतल्या बायका ती सोडून दुसऱ्या साइटवर गेल्या, आमची सूनही तिकडंच. उरल्या गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती आणि आमची ही.

कारण काय, तर त्या नटीनं हिला एकदा उलट बदाम दिला होता. हिनं गल्लीत पेढे वाटले. मी म्हणालो, अगं, ती कशाला देतीय, त्याला पगारी माणूस बसवलेला असतो. तर म्हणाली, "शेजारणीनं वाटी मोलकरणीच्या हातून पाठवली, म्हणून काय रिकामी परत करायची?" तेव्हापासून रोज एक बदाम आणि खाली एकच वाक्य, जेवलीस का गं?

त्या संध्याकाळी म्हणाली, "अहो, माझे हात मातीचे. तुम्ही दाबा की."

मी म्हटलं, लेथनं बोटांना घट्टे पाडलेत, अंगठ्यावर रेषाच ठेवल्या नाहीत. रेशनचं मशीन मला ओळखत नाही, हा मोबाइल काय ओळखणार.

मग ती वाकली आणि तिनं नाकानं बदाम दाबला. नाकाला मेथीचं पान चिकटलं. मी इतका हसलो की एक जुडी तशीच राहिली.

"हसा," ती म्हणाली. "मी नसले तर तिला कोण विचारणार आहे?"

पहाटे ती झोपेतच गेली. दिवसभर घर माणसांनी भरलेलं. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली, जो तो मला दोन घास खा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलच्या बाजूची कळ दाबली. समोर तीच साइट, हिनं बंदच केली नव्हती. नटीनं एकटीनं चहा पितानाचा फोटो टाकलेला. एकही बदाम नाही. अंगठा दाबून पाहिला, शेजारचं बोट दाबलं. ढिम्म. दाराकडं बघितलं, कोणी नव्हतं. चष्मा काढला आणि नाक टेकवलं.

बदाम लाल झाला. नाकानं लिहिता काय येईना, म्हणून तोंडानंच विचारलं, "जेवलीस का गं?"

आणि राहिलेली जुडी पुढं ओढली.