बर्फाच्या पाण्यात बसलेला माणूस

आमच्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ एका मोठ्या काळ्या डब्यात असते. डब्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र आहे. शेजारच्या तशाच डब्यात ज्वारीचं पीठ, तिसऱ्यात शेंगदाणे. हे सगळे डबे माझे. त्यांत प्रोटीनची पावडर यायची, चॉकलेटच्या चवीची, आणि ती मी सहा वर्षं नेमानं प्यालो.

लातुरात आमचा सकाळी पळणाऱ्यांचा एक गट आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळं गटात कुणाला शंका आली की माना माझ्याकडं वळायच्या. "सर, ह्यानं खरंच फरक पडतो का?" मग मी सांगायचो. पावडर पळून आल्यावर किती वेळात घ्यायची, पोटऱ्यांचे घट्ट मोजे किती तास ठेवायचे, बीटाची पूड कधी घ्यायची. पळून थकलेलं अंग भरून येणं म्हणजे रिकव्हरी, म्हणून लोक मला 'रिकव्हरी सर' म्हणायला लागले. ते मला आवडायचं. आता कुणी विचारलं तर मी चार वाक्यांत उत्तर देतो आणि विषय बदलतो. का बदलतो, ते गटात आजवर उघड सांगितलं नाही.

माझी बायको माझ्यानंतर वर्षभरानं पळायला लागली. ती उमरीची, इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. "रोज पहाटे कुठं जाता ते बघते तरी," म्हणून एकदा सोबत आली आणि मग येतच राहिली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. सहा महिन्यांत ती माझ्या बरोबरीनं पळू लागली. त्यानंतर बोलत बोलत पळायचं झालं की बोलायची ती, मी नुसता हुंकार द्यायचो.

नांदेडला आम्ही दोघांनी एकवीस किलोमीटरची शर्यत धावली. माझ्या कमरेच्या पट्ट्यात साखरेच्या जेलच्या चार पुड्या आणि क्षाराच्या गोळ्या. तिच्या रुमालाच्या गाठीत गूळ-शेंगदाणे. सोळाव्या किलोमीटरला तिनं एकदा मागं वळून बघितलं. मी हातानंच 'जा' म्हणालो. मी पोचलो तेव्हा ती कडेच्या दगडावर बसून केळं खात होती.

"आलात? मला वाटलं, चहाला थांबलात कुठं."

नऊ मिनिटं आधी पोचली होती ती. परतीच्या गाडीत ती लातूर येईपर्यंत बोलत होती. इतकी खुशीत मी तिला लग्नानंतरही फार वेळा पाहिली नव्हती. "पुढच्या वर्षी बेचाळीस करायचं मला," म्हणाली. "एकदाच. पण करायचं."

त्या आठवड्यात मी नवीन मोजे मागवले, स्नायू थरथरवून मोकळे करणारी मसाज गन मागवली आणि बर्फाच्या पाण्यात बसायला सुरुवात केली.

लातुरात पाण्याचं काय असतं ते लातूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की आमच्या भागात नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि आला की घरात जे भांडं आहे ते भरून ठेवायचं असतं. अशा गावात मी दर रविवारी कारखान्यातून बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून स्कूटरवर आणायचो. गल्लीतले विचारायचे, "काय सर, लग्न हाय का घरी? बर्फ लई न्यायलात." अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये लादी फोडून टाकायची आणि छातीपर्यंत आत बसायचं, मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून. तेच पाणी नंतर झाडांना आणि संडासाला वापरतो, असं मी सर्वांना सांगायचो. वापरलं जायचंही. पण बादल्यांनी ते उपसायची ती.

एका रविवारी मी आत बसलेलो असतानाच नळ आला. त्या दिवशी आम्ही दोघंही अठरा किलोमीटर पळून आलो होतो. ती धावत बाहेर आली.

"निघा आता. ड्रम लागतो."

"सहा मिनिटं राहिलीत."

"नळाला सांगू का तसं?"

मी हसलो, पण उठलो नाही. मध्येच उठलं तर फायदा होत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. तिनं हौद भरला, पातेली भरली, घागरी भरल्या, वरच्या टाकीसाठी जिना चढून कळश्या नेल्या, कारण मोटार त्या दिवशी बिघडली होती. सहा मिनिटांनी मी बाहेर आलो, अंग पुसलं आणि 'रिकव्हरी' म्हणून दोन तास झोपलो. रोजचा हिशेब असा होता की ती जेवणाच्या डब्यांसाठी चारला उठायची, मी पाचला. तिनं एकदा पावडरीच्या डब्याकडं बघून विचारलंही होतं, "मी पण घेत जाऊ का थोडी?" मी म्हणालो, "बायकांना एवढी गरज नसते." जीवशास्त्राचा मास्तर मी. वर्गात हे वाक्य कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर लाल शाईनं खोडलं असतं.

चार महिन्यांनी तिची नडगी दुखायला लागली. दुखत असताना पळाली, मग लंगडायला लागली. हाडांच्या डॉक्टरकडं गेलो. ते आमच्याच गटातले, माझ्या सांगण्यावरून घट्ट मोजे घालणारे. फोटो उजेडावर धरून म्हणाले, हाडाला बारीक चीर आहे. मग विचारलं, "वहिनी, झोप किती होते? खाणं कसंय? पळून आल्यावर आराम करता ना?"

तिनं तोंड उघडायच्या आत मी बोललो. "सगळं माझ्यासारखंच आहे डॉक्टर. प्रोटीन, झोप, बर्फ. मी जे घेतो तेच ती घेते."

ते वाक्य कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टर मला रिकव्हरी सर म्हणत होते. त्यांच्यासमोर, माझी बायको पाच तास झोपते आणि माझं बर्फाचं पाणी उपसते, हे मला बाहेर येऊ द्यायचं नव्हतं. ती समोरच्या भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र बघत राहिली.

"सगळं व्यवस्थित घेऊन हे झालं असेल," डॉक्टर म्हणाले, "तर हाडंच नाजूक असणार. या वयात होतं. चीर भरेल, पण लांब पळणं सोडा. चालत जा रोज."

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "कोपऱ्यावर थांबवा. दूध घ्यायचं हाय."

बेचाळीसचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. बूट धुऊन, वाळवून उमरीला तिच्या वहिनीला दिले. वहिनी ते घालून शेतात जाते. मी गेलो की कौतुकानं पाय पुढं करून दाखवते.

मी मात्र पळत राहिलो, पीत राहिलो, सांगत राहिलो. दोन-तीन महिन्यांपूर्वी सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती दीड महिना उमरीला राहिली. मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात मी, माझे डबे, गन, मोजे. काही कमी नव्हतं. शिवाय पाणी, स्वयंपाक, धुणं, कॉलेज. तिसऱ्या आठवड्यात माझे पाय शिशाचे झाले. पोटऱ्या दुखायला लागल्या, झोप तुटायला लागली, रोजच्या अंतराला दहा मिनिटं जास्त लागू लागली. पावडर तीच, माप तेच. वर्गात मी दरवर्षी शिकवतो की दोन कुंड्या घ्या, एकीत खत घाला, एकीत नको, बाकी ऊन-पाणी अगदी सारखं ठेवा, तरच खताचं खरं कळतं. माझ्या कुंडीला ऊन-पाणी कोण देत होतं, ते मी सहा वर्षं मोजलंच नव्हतं.

आता कुणी विचारलं तर देतो ते उत्तर असं: लांब पळताना साखर लागते, ती गुळातून आली तरी पायाला कळत नाही. आपल्या उन्हात घामाबरोबर मीठ जातं, लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यानं माझं तरी भागतं. बर्फानं दुखणं तेवढ्यापुरतं बधिर होतं. बाकी जेवा आणि झोपा. पण झोपायला मिळतं ते कुणामुळं, हे मी गटात बोललेलो नाही.

ती उमरीहून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी डाळ निवडत बसली होती. मी समोर बसलो.

"त्या दिवशी डॉक्टरकडं मी खोटं बोललो."

"हाव," ती म्हणाली. मान वर केली नाही. "शेजारच्याच खुर्चीवर होते की मी."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुमचं तोंड बघितलं. इतकं भेदरलेलं होतं. चारचौघांत लई मोठे सर झाले होते तुम्ही." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "घरी आल्यावर तरी बोलाल म्हणून वाट बघून राहिले. मग सोडून दिलं."

मी डॉक्टरकडं जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "सर, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी सोडा म्हणालो नसतो. थांबा म्हणालो असतो. आणा त्यांना, परत बघू."

मी घरी येऊन तिला ते तसंच सांगितलं. मला वाटलं, रडेल किंवा भांडेल. ती सत्तेचाळीसची आहे; चार वर्षं गेली ती गेलीच. तिनं डाळीच्या डब्याचं झाकण लावलं.

"बघू. आधी मला झोपू द्या. रविवारी कुणी उठवायचं न्हाई."

आज रविवार आहे. साडेसातला नळ आला. मोटार लावली असती तर आवाज झाला असता, म्हणून कळश्यांनीच भरलं, जिन्यानं वर नेलं. ड्रमही भरला. नऊ वाजून गेलेत. आतून अजून काही आवाज नाही.