उत्तनच्या वाटेवर आई दुसऱ्याच बोलीत बोलली

आज डोंबिवलीहून आईला घेऊन उत्तनला गेलेले. गावागावांतली जुनी चर्च पायी फिरून दाखवणारा हेरिटेज वॉक होता.

पहिल्याच चर्चपाशी आमच्या गाईड, रोझीमावशी, आईला म्हणाल्या, "कंच्या गावची गो तू?"

आई ठाण्याच्या कोळीवाड्यातली. तिनेही कोळी बोलीतच उत्तर दिलं! दुसऱ्या चर्चपर्यंत दोघी हातात हात घालून खिदळत पुढे आणि मी मागे. खरं सांगते, जळले मी. माझ्याशी ती अशी कधीच बोलली नाही.

परतताना विचारलंच.

"सासरी मला हसायचे," आई म्हणाली. "शाळेत तुला हसले असते."

आता ती आत रोझीमावशींशी फोनवर हसतेय. मला अर्धंच कळतंय.

तुमच्या आईची बोली तुम्हाला येते का?